भांगेची औषधी योग्यता आणि आमची उदासीनता

गांजा किंवा भांग हा शब्द उच्चारला की आमच्या समाजात दोन पक्ष तात्काळ उभे राहतात. एक पक्ष कानांवर हात ठेवतो आणि ही वस्तू नरकाचे द्वार असून तिचे नाव सभ्य मनुष्याने घेऊ नये असे सांगतो. दुसरा पक्ष शंकराचे नाव घेतो आणि जगातील झाडून साऱ्या रोगांवर ही एकच मात्रा आमच्या ऋषींनी सांगून ठेविली आहे, फिरंग्यांनी ती आम्हांपासून हिरावून घेतली, असे छातीवर हात मारून बोलतो. या दोन्ही पक्षांत एक गुण समान आहे. तो हा की, रोग्यास ती किती द्यावी, कोणत्या रोगात द्यावी, दिल्यावर काय होते आणि न दिल्यास काय होते, या साध्या प्रश्नांची उत्तरे शोधण्याची तसदी दोघांसही नको असते. आमचा आजचा लेख या दोहोंपैकी कोणाचीच मर्जी राखणारा नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम आमच्या पूर्वजांचे पाहू. अथर्ववेदात सोम, दर्भ, यव यांच्या पंक्तीस भंग हे नाव आलेले आहे. एवढ्यावरून कित्येक लोक वैदिक काळापासूनची औषधपरंपरा सिद्ध झाली असे समजतात. परंतु तेथील भंग म्हणजे आजची भांगच काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि नुसते नाव येणे म्हणजे चिकित्सा सांगणे नव्हे. मध्ययुगातील वैद्यकग्रंथांत मात्र ही वनस्पती स्पष्टपणे दिसते. शार्ङ्गधराने व्यवायी म्हणजे पचण्यापूर्वीच सर्व शरीरात पसरणारे द्रव्य कोणते, हे समजावून देताना उदाहरण म्हणून भांग व अफू ही दोनच घेतली. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात विजया, जया, मातुलानी, मादिनी अशी तिची नावे देऊन ती पाचक आहे, ग्राही आहे, कफ हरण करणारी आहे असे सांगितले. आणि तेथेच ती मोह व मद उत्पन्न करते हेही सांगितले. या शेवटच्या वाक्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. औषध आणि अंमल या दोन गोष्टी एकाच पानात नांदतात, हे जुन्या वैद्यांस ठाऊक होते व ते लपविण्याची त्यांस गरज वाटली नाही. लपवालपवीची विद्या ही आमच्या काळची कमाई होय.

आमच्या कोकणाच्या दाराशीच या विषयाचा एक जुना साक्षीदार होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे. त्याने येथील औषधीद्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला आणि त्यात 'बांगे'वर एक प्रकरण आहे. गुजराथच्या सुलतान बहादूरशहाने मार्तिम अफोंसो द सूझा यास सांगितलेली गोष्ट ओर्ता देतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान, इराण येथे हिंडून येण्याची लहर आली की आपण थोडी बांग खातो, असे सुलतान म्हणाला! प्रवासखर्चाच्या दृष्टीने ही युक्ती स्वस्त खरी. परंतु ओर्ताची खरी योग्यता अशी की, त्याने ग्रीक-रोमन ग्रंथकारांचे प्रामाण्य बाजूस ठेवून, जे येथील लोकांकडून ऐकले व आपल्या डोळ्यांनी पाहिले ते लिहिले. त्याच्या मृत्यूनंतर 1580 साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ते धर्माच्या नावावर झाले. त्याचे पुस्तक मात्र तोपर्यंत युरोपात पोहोचले होते.

ओर्ताने पाहिले व लिहिले, मोजले नाही. मोजण्याचे काम पुढे पावणेतीनशे वर्षांनी कलकत्त्यास झाले, आणि तेच या इतिहासाचे हृदय असल्यामुळे आम्ही त्यावर थोडे अधिक थांबणार आहो.

विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयर्लंडातील लिमरिक येथे 1809 साली जन्मलेला डॉक्टर. पटकीच्या रोग्याच्या रक्तातून पाणी व क्षार निघून जातात हे त्याने 1831-32 च्या साथीत रासायनिक पृथक्करण करून दाखविले. आज आमच्या खेड्यापाड्यांतील दवाखान्यांत जी सलाईनची बाटली टांगतात, तिच्या उगमाशी या तरुणाचे नाव आहे. 1833 साली तो कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. गांजाविषयी त्याने येथे जे ऐकले ते त्याने थट्टेवारी नेले नाही, की त्यावर डोळे झाकून विश्वासही ठेविला नाही. त्याने पंडित मधुसूदन गुप्त आणि कमलाकांत विद्यालंकार यांच्याकडून संस्कृत ग्रंथांतील उल्लेख काढून घेतले, फारसी-अरबी जाणणाऱ्या विद्वानांकडून हकिमांची मते मिळविली आणि मग मद्यार्कात गांजा उकळून त्याचे राळेसारखे सत्त्व काढून प्रयोगास आरंभ केला. हे मधुसूदन गुप्त म्हणजे 1836 साली त्याच कॉलेजात स्वहस्ते शवच्छेदन करून रूढीस पहिला धक्का देणारे वैद्यपंडित. शास्त्री आणि रसायनज्ञ एका मेजाशी बसले म्हणजे काय निष्पन्न होते याचा हा नमुना.

त्याने आधी कुत्र्यांवर, मग मांजरे, मासे, गिधाडे, कावळे, घोडे, हरणे, माकडे, शेळ्यामेंढ्या व गाई यांवर प्रयोग केले. मांस व मासे खाणाऱ्या प्राण्यांवर अंमल लवकर व स्पष्ट दिसला, गवत-दाणा खाणाऱ्यांवर मोठ्या मात्रेनेही नाममात्रच. आणि कोणत्याही प्राण्यास त्यापासून वेदना झाल्याचे दिसले नाही. इतकी खात्री करून घेतल्यावरच तो रोग्यांकडे वळला. संधिवाताच्या एका रोग्यास दुपारी दोन वाजता एक ग्रेन सत्त्व दिले. चार वाजता तो बडबडू लागला, गाऊ लागला, जास्त जेवण मागू लागला आणि आपण ठणठणीत बरे झालो असे सांगू लागला. सहा वाजता तो झोपला. आठ वाजता पाहतात तो बेशुद्ध! श्वास नियमित, नाडी ठीक. पण हात उचलून ज्या स्थितीत ठेवावा त्याच स्थितीत तो राहू लागला. डॉक्टर घाबरले असतील यात नवल नाही. रोगी त्याच रात्री शुद्धीवर आला व त्यास काही अपाय झाला नाही. परंतु ओशॉनेसीने यापुढे मात्रा कमी केली आणि घडलेला सर्व प्रकार वेळेसुद्धा जसाच्या तसा छापला. औषधाची कीर्ती वाढावी म्हणून त्याने ही हकीकत गाळली असती, तर त्यास विचारणारा कोण होता?

पुढे पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका रोग्यास त्याने हेच औषध दिले. पाण्याच्या दर्शनानेही ज्यास आचके येत होते, त्यास त्यानंतर नारिंगाचा रस व भात गिळता आला. रोगी मेला, ओशॉनेसीने तो वाचला असे म्हटले नाही. यातना कमी झाल्या, एवढेच म्हटले. धनुर्वातात त्यास अधिक यश आले. आणि एक उदाहरण असे आहे की जे वाचताना आजही मन थबकते. चाळीस दिवसांच्या एका मुलीस एकामागून एक आचके येत होते. रेच, जळवा, अफू असे त्या काळचे सर्व उपाय हरले होते. ओशॉनेसीने गांजाचा अर्क थेंबाथेंबाने देण्यास सुरुवात केली, मात्रा चढवीत नेली, मूल गाढ गुंगीत जाईपर्यंत नेली. आणि अखेर आचके थांबले, मूल वाचले. हा सर्व वृत्तांत त्याने 1839 साली कलकत्त्याच्या वैद्यमंडळीपुढे वाचला. गांजाच्या दीर्घ सेवनाने येणाऱ्या एका विशिष्ट भ्रमाचे वर्णनही त्याच निबंधात आहे. गुण आणि दोष, यश आणि अपयश, चारी एकत्र.

एका मुलाच्या उदाहरणावरून सिद्धान्त उभा राहत नाही हे आम्ही जाणतो. लहान मुलांचे आचके कधी कधी आपोआपही थांबतात. परंतु अशा उदाहरणातून जो प्रश्न उत्पन्न होतो तो पुढच्यांनी शेकडो मुलांवर, सारख्या मात्रेने, तुलना करून सोडवावयाचा असतो. हा प्रश्न सुटावयास किती वर्षे लागली हे पुढे येईलच.

ओशॉनेसी 1840 नंतर काही काळ लंडनला गेला, तेव्हा त्याने नेलेल्या गांजापासून पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने अर्क तयार केला, आणि पाहता पाहता तो युरोप-अमेरिकेच्या दवाखान्यांत शिरला. अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशात 1850 च्या सुमारास त्यास स्थान मिळाले. व्हिक्टोरिया राणीच्या परिवाराचे एक वैद्य सर जॉन रसेल रेनल्ड्स यांनी तीस वर्षांचा अनुभव 1890 साली 'लॅन्सेट'मध्ये दिला आणि मज्जाशूळ, अर्धशिशी, म्हाताऱ्यांची रात्रीची अस्वस्थता यांत हे औषध फार उपयोगी असल्याचे लिहिले. (राणी स्वतः ते घेत असे ही गोष्ट अलीकडे पुष्कळांच्या तोंडी आहे, तिला पुरावा नाही.) परंतु रेनल्ड्स यांनीच असेही बजाविले की, अर्काचे बळ सारखे नसते, म्हणून मात्रा अगदी थोडीपासून चढवावी.

या औषधाचा अधःपात येथूनच सुरू झाला, कायद्यापासून नव्हे. गांजातील कार्यकारी द्रव्य राळेसारखे असल्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही, सबब नव्याने निघालेल्या पिचकारीने ते टोचता येईना. मॉर्फिन टोचता येई. एका शहरचा अर्क निद्रा आणी, दुसऱ्या शहरचा काहीच करीना, तिसऱ्याने रोगी भ्रमिष्ट होई. कारण माल बोटीतून येताना व कोठारात पडल्या पडल्या निर्बळ होई आणि त्याचे बळ मोजण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. केंब्रिजच्या रसायनज्ञांनी 1896 साली एक द्रव्य वेगळे काढले, पण ते मुख्य द्रव्य नव्हते. इतक्यात 1899 साली अ‍ॅस्पिरिन बाजारात आले आणि पाठोपाठ झोपेची नवी औषधे आली. त्यांची गोळी प्रत्येक वेळी सारखी. डॉक्टरांनी गांजा टाकला तो नीतीसाठी नव्हे, तर गैरभरवशासाठी.

इकडे हिंदुस्थानात गांजाची चर्चा दवाखान्यातून निघून निराळ्याच वाटेने चालली होती. येथील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरली आहेत, अशी ओरड इंग्लंडात झाली. पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी 1893 साली प्रश्न विचारला, आणि सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले. सात सभासदांत तिघे हिंदी गृहस्थ होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. डॉक्टर वॉर्डन हे ज्या कॉलेजात ओशॉनेसीने शिकविले त्याच कॉलेजातील रसायनशास्त्राचे अध्यापक. कमिशनने 1,193 साक्षीदार तपासले आणि 1894 साली अनेक खंडांचा रिपोर्ट दिला. आमच्या मुंबई इलाख्यातून जे. एम. कँपबेल यांनी या वनस्पतीविषयीच्या लोकांच्या धर्मभावनेवर लिहिलेले टिपण त्यास जोडलेले आहे.

त्या रिपोर्टातील सर्वांत मोलाचा भाग आमच्या मते वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा होय. वेडास कारण गांजा, हे ज्या तक्त्यांवरून सांगितले जात होते ते तक्ते कोण भरीत असे? वेड्यास आणून घालणारा पोलीस किंवा पाठविणारा मॅजिस्ट्रेट. 'कारण' असे एक सदर असे आणि ते कोरे ठेवणे बरे दिसत नसे. मनुष्य कधीकाळी चिलीम ओढीत होता एवढे कळले की त्या सदरात गांजा लिहावा आणि मोकळे व्हावे. इस्पितळाच्या वहीत तेच उतरे, वार्षिक रिपोर्टात तेच बेरजेस धरले जाई, आणि त्या बेरजेवरून पार्लमेंटात भाषण होई! कमिशनने हे न मानता 1892 सालची एकूण एक प्रकरणे मुळापासून तपासली. गावी चौकशी केली, नातेवाईकांस विचारले. गांजामुळे वेड लागल्याची म्हणून 222 प्रकरणे कागदोपत्री होती. त्यांपैकी 98 मध्ये तसे म्हणण्यास काही आधार निघाला, आणि त्यांतही केवळ गांजा हेच कारण म्हणता येईल अशी 61. बाकीची सदर भरण्यासाठी भरलेली. मित सेवनाने सामान्यतः अपाय दिसत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी करण्याचे कारण नाही, असा निर्णय बहुमताने दिला गेला. राजासाहेब व लाला निहालचंद यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, आणि त्यांसही रिपोर्टात जागा मिळाली.

परकी सरकारचा अबकारी महसूल या निर्णयाच्या पाठीशी होता, हे आम्ही विसरलो नाही. गांजावरील कराने तिजोरीत भर पडत होती आणि ती भर सोडावयास कोणास हवी असते? परंतु हेतूविषयी शंका घेऊनही 222 चे 98 कसे झाले या हिशेबास शंकेने धक्का लागत नाही. हिशेबास हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे.

तसे उत्तर पुढच्या काळात कोणी दिले नाही. 1925 साली जिनीव्हा येथील परिषदेत इजिप्तच्या आग्रहावरून ही वनस्पती आंतरराष्ट्रीय निर्बंधाखाली आली. ब्रिटिश औषधकोशातून ती 1932 साली गळाली. अमेरिकेत 1937 साली कराच्या रूपाने तिच्यावर कायदा आला, तेव्हा तेथील वैद्यसंघाचे डॉक्टर विल्यम वुडवर्ड यांनी कमिटीपुढे उभे राहून विचारले की, तुरुंगखात्याचे आकडे कोठे आहेत, मुलांच्या खात्याचे आकडे कोठे आहेत, की सारा आधार वर्तमानपत्रांतील बातम्यांचाच? त्यांचे कोणी ऐकले नाही. वर्तमानपत्राच्या धंद्यात असलेल्या आम्हांस हे लिहिताना संकोच वाटतो. 1942 साली अमेरिकन औषधकोशातूनही ते नाव पुसले गेले, आणि 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात तर ती हेरॉइनच्या शेजारी, सर्वांत कडक यादीत बसविली गेली.

आता त्या मुलीकडे परत जाऊ. गांजातील मुख्य मादक द्रव्याची रचना 1964 साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम व येखिएल गाओनी यांनी ठरविली. मेशूलम यांनी पोलिसांकडून जप्तीचा पाच किलो हशीश मागून आणला होता. म्हणजे ओशॉनेसीने सत्त्व काढल्यापासून सव्वाशे वर्षे त्या सत्त्वात काय आहे हे धड कोणास ठाऊक नव्हते! कॅनाबिडायॉल नावाचे दुसरे द्रव्य त्यांनी त्याच सुमारास ओळखले होते. ते नशा आणीत नाही. पुढे मेंदूतच या द्रव्यांसारखे काम करणारा एक पदार्थ आहे असे 1992 साली आढळले, तेव्हा शोधकांनी त्यास नाव दिले 'आनंदामाइड', आमच्या आनंद या शब्दावरून. आमच्या कित्येक बंधूंस एवढ्यानेच कृतार्थ वाटते. शब्द आमचा गेला. शोध त्यांनी लावला.

ब्राझीलमध्ये 1980 साली अपस्माराच्या पंधरा रोग्यांपैकी आठांस कॅनाबिडायॉल देऊन पाहिले. त्यांतील चौघांचे झटके जवळजवळ थांबले. इतके स्पष्ट चिन्ह दिसूनही मोठी परीक्षा व्हावयास आणखी तीस-पस्तीस वर्षे गेली. ती 2017 साली प्रसिद्ध झाली. ड्रावे नावाच्या, बालपणीच सुरू होऊन औषधांस दाद न देणाऱ्या अपस्माराने पीडित अशा 120 मुलांचे व तरुणांचे दोन गट केले. ज्यांस औषध दिले त्यांचे महिन्यास येणारे आचके मध्यमानाने 12.4 वरून 5.9 वर आले; ज्यांस दिसावयास तसेच पण औषधरहित द्रव दिले त्यांचे 14.9 वरून 14.1. गुंगी, अतिसार, वांती आणि काहींच्या यकृतावर ताण हे दोषही त्याच निबंधात मोजून दिले. 2018 साली अमेरिकेच्या औषधखात्याने त्यास मान्यता दिली. कलकत्त्याच्या अर्कात आणि या शुद्ध द्रव्यात पुष्कळ अंतर आहे, हे खरे. ओशॉनेसीच्या थेंबांत नेमके कोणते द्रव्य किती होते हे आज सांगता येणार नाही. तथापि 1839 साली विचारलेल्या प्रश्नास 2017 साली उत्तर मिळाले, आणि मधली 178 वर्षे किती आयांनी आचके येणारे मूल मांडीवर धरून काढली असतील याचा हिशेब कोणत्याही तक्त्यात नाही.

या सर्वावरून गांजा निरुपद्रवी ठरतो काय? मुळीच नाही. आज जो तीव्र गांजा मिळतो तो कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांस चित्तभ्रमाचा धोका वाढतो, असे अनेक देशांतील पाहणीवरून दिसते. कॅन्सर बरा होतो, मधुमेह जातो अशा ज्या वार्ता हस्ते-परहस्ते पसरतात त्यांस मनुष्यावरील परीक्षेचा आधार नाही. केमोथेरपीनंतरची वांती, काही मज्जारोगांतील स्नायूंचा ताठरपणा, काही प्रकारच्या वेदना आणि अपस्माराचे काही विवक्षित प्रकार यांत गांजातील द्रव्यांचा कमीअधिक उपयोग होतो. आजमितीस आधारासह म्हणता येईल ते मुख्यत्वे एवढेच. जो याहून पुष्कळ अधिक सांगतो तो वैद्य नव्हे, व्यापारी होय.

आमचा स्वतःचा कायदा काय म्हणतो तेही पाहू. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली. नुसती पाने म्हणजे भांग तिच्या व्याख्येत नाही आणि तिचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. परंतु याच कायद्याचे आठवे कलम वैद्यकीय व शास्त्रीय कामास मोकळीक देते, आणि दहाव्या कलमाने राज्य सरकारांस नियमांखाली गांजाच्या लागवडीस परवानगी देण्याचा अधिकार आहे. म्हणजे दार कायद्याने लाविलेले नाही. ते आमच्या आळसाने व भीतीने लागले आहे. 2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात ही वनस्पती त्या सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी संमत झाला, आणि हिंदुस्थानने ठरावाच्या बाजूने मत दिले. व्हिएन्नास जाऊन आम्ही हात वर केला. घरी येऊन तो हात पुन्हा मांडीवर ठेविला. जम्मूच्या सरकारी औषधसंशोधन संस्थेसारख्या ठिकाणी परवान्याने लागवड व संशोधन चालू आहे हे स्तुत्य खरे, परंतु एवढ्या मोठ्या देशास ते पुरेसे कसे म्हणावे?

मॉर्फिनच्या बाबतीत हाच खेळ आम्ही एकदा पाहिला आहे. परदेशांस औषधी अफू पुरविणारा हा देश. आणि याच देशात 1985 नंतर परवान्यांच्या जंजाळास भिऊन दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, व कॅन्सरचे रोगी विव्हळत मरू लागले. केरळातील शुश्रूषाचळवळीने व इतरांनी वर्षानुवर्षे झगडून 2014 साली कायद्यात दुरुस्ती करविली. व्यसनी मनुष्यास अडविण्यासाठी घातलेल्या कुंपणात पहिल्याने सापडतो तो रोगी, हा तेथील धडा.

सांप्रत दोन टोके एकाच वेळी चालू आहेत. एकीकडे परदेशातील परीक्षित औषधाची किंमत 2018 साली अमेरिकेत वर्षास सुमारे 32,500 डॉलर ठरली. आमच्या शेतकऱ्याने, गिरणीकामगाराने ती कोठून आणावी? दुसरीकडे विजयेचा अर्क म्हणून बाटल्या राजरोस विकल्या जातात. आयुर्वेदीय औषधांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग असून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावी असा नियम आहे; तो नियम मोबाइलवर बाटली मागविणाऱ्यापर्यंत पोहोचतो काय? मुलास अपस्मार असलेला बाप हताश होऊन कोणती बाटली घेईल हे भाग्यावर सोडून देणे, यास आम्ही राज्यकारभार म्हणत नाही.

म्हणून आमचे मागणे असे आहे. राज्य सरकारने आपला अधिकार वापरून एकदोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांस परवान्याची लागवड करू द्यावी. तेथे तयार होणाऱ्या अर्कातील दोन्ही मुख्य द्रव्यांचे प्रमाण प्रत्येक घाण्यास मोजावे. औषधांस दाद न देणाऱ्या बालअपस्मारापासून आरंभ करून वैद्य आणि डॉक्टर यांनी, मधुसूदन गुप्त व ओशॉनेसी बसले तसे, एकत्र बसून तुलनेची परीक्षा घ्यावी आणि निकाल अनुकूल येवो वा प्रतिकूल, तो मराठीतही छापावा. बाजारातील प्रत्येक बाटलीवर या द्रव्यांचा आकडा छापणे सक्तीचे करावे व सरकारी प्रयोगशाळेने तो अधूनमधून पडताळावा. यास खर्च लागेल. परंतु भांगेच्या गौरवार्थ जी व्याख्याने होतात व गांजाच्या निषेधार्थ जे मोर्चे निघतात, त्यांचा एकत्रित खर्च याहून कमी असेल असे आम्हांस वाटत नाही.

तूर्त ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांस एवढेच सांगतो: चालू असलेले अपस्माराचे औषध कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नका. कॅनाबिडायॉल आणि अपस्मारावर नेहमी दिली जाणारी काही औषधे एकत्र आल्यास गुंगी वाढते व यकृतास त्रास होऊ शकतो, सबब डॉक्टरांस आधी विचारा. आणि ज्या बाटलीवर कोणते द्रव्य किती मिलिग्रॅम आहे हे लिहिलेले नाही, ती कितीही पवित्र नावाने विकली जात असली तरी दुकानदारास परत करा.